मासा सगळ्यात शेवटी

मुंबईत घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मीठ विकत कशाला घ्यायचं? दादरच्या चौपाटीवरून चार कॅन भरून आणले की काम झालं! प्रश्न रास्त आहे. मोठी मत्स्यालयं समुद्राचं पाणी वापरतातही, पण ते निवळून, गाळून, तपासून. आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ, त्यात सांडपाणी मिसळलेलं. पावसाळ्यात खाड्यांतून गोडं पाणी येतं आणि खारेपणा एकदम उतरतो. शिवाय त्या कॅनमध्ये डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. बंद कॅनमध्ये ते मरतात, कुजायला लागतात, म्हणजे पाणी टाकीत ओतायच्या आधीच बिघडायला सुरुवात झालेली असते.

मग कुणीतरी विचारतं, खडे मीठ चालेल का? भांडुप-मुलुंडची मिठागरं डोळ्यांसमोर असल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडेच यायचा. नाही चालत, आणि कारण मजेशीर आहे. मिठागरात समुद्राचं पाणी आटत जातं तसा कॅल्शियमचा बराचसा भाग आधी तळाशी बसतो, त्यानंतर मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातं. हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. जेवणाला तेच हवं, टाकीला नको. दुकानातल्या मरीन सॉल्टमध्ये हे सगळे क्षार परत मोजून घातलेले असतात. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला सात किलो. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाण्याची सापेक्ष घनता 1.025 च्या आसपास यायला हवी. हजार-दोन हजार वाचवायला अंदाजपंचे मीठ घालणारे पुढे माशांवर त्याच्या कितीतरी पट घालवतात.

मीठ विरघळवायचं ते आरओच्या पाण्यात. घरच्या प्युरिफायरचं चालेल का, हे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) लावून बघा. पिण्याच्या बऱ्याच मशिनमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी किंवा खनिजं मुद्दाम मिसळतात. आकडा शून्याजवळ हवा. नाहीतर पाण्यातले फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाची चंगळ करतात.

आता टाकी भरली, दगड-वाळू मांडली, पंप सुरू झाला. पाणी आरशासारखं दिसतंय, मुलं मासे कधी आणायचे म्हणून मागे लागली आहेत. इथेच बहुतेकांची पहिली टाकी जाते. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. तो पचवणारे जीवाणू नव्या टाकीत नसतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. नायट्रेट आपण पाणी बदलून काढतो. ही वस्ती दगडांवर नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना खायला अमोनिया द्यायचा. बाटलीतून थेंब घाला, नाहीतर सोललेल्या कोलंबीचा तुकडा टाका. कोलंबीचा वास दिवाणखान्यात येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही उतरतात. मोजून घातलेला अमोनिया 24 तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. गोड्या पाण्यात ही घाई कधीकधी खपून जाते. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो, आणि पीएच 7 च्या तुलनेत तिथे अमोनियाचा विषारी भाग दहापटीच्या घरात जातो.

पुस्तकं बहुतेक थंड देशांतली, त्यामुळे त्यांत हीटरवर पानंच्या पानं. आपली अडचण उलटी. टाकी 25-26 अंशांवर हवी आणि एप्रिल-मेमध्ये ती आपोआप 31 वर जाते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन धापा टाकतात. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, महाग आहे. सुरुवातीला पाण्यावर वारा मारणारे छोटे पंखे दोन-तीन अंश उतरवतात, पण त्याने पाणी झपाट्याने उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. 200 लिटरमधलं 10 लिटर उडालं तर लिटरमागे 35 ग्रॅमचं जवळजवळ 37 होतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, खाऱ्याची नव्हे. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा. माझ्या मते तो झगझगीत लाइटच्या आधी घ्यायची वस्तू आहे.

दगडांबद्दल एक सांगतो. मालवणहून कुणी प्रवाळाचा तुकडा आणून देतो म्हणाला तर हात जोडा. दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. माणसाने बनवलेला कोरडा दगड घ्या, जीवाणू त्यावरही तितकेच खुशीने राहतात.

आणि मासे? क्लाउनफिशची जोडी, बस्स. टाकीत पैदास झालेलेच मागा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे. समुद्रात हे मासे ज्याच्या आसऱ्याला राहतात त्या समुद्रफुलाची टाकीत त्यांना गरज पडत नाही, आणि नवख्याच्या टाकीत ते फूल टिकतही नाही. दोन मासे लहान-मोठे निवडा. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, त्यातला वरचढ मादी होतो. सारख्या आकाराचे दोघं घेतले तर ती मादी कोण यावरून मारामाऱ्या होतात. पैसे देण्याआधी दुकानदाराला त्यांना खायला घालायला सांगा. खाण्यावर झडप घातली नाही तर तो मासा तिथेच राहू द्या, दुकानदार कितीही म्हणाला, "साहेब, आत्ताच खाल्लंय त्याने."