अस्वल आणि चाळीस हजार पतंग

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या डेन्व्हरला मे-जून आला की लोक एका पतंगाला जाम वैतागतात. दाराच्या फटीत तो, गाडीत तो, पडद्यामागे तो, आणि रात्री लाईट लावला की घरभर फडफड सुरू. तिकडे त्याला मिलर मॉथ म्हणतात, शास्त्रीय नाव युक्सोआ ऑक्झिलिअरिस. तसा बिचारा निरुपद्रवी, चावत नाही, कपडे कुरतडत नाही, घरात अंडीही घालत नाही. बल्बखाली साबणाच्या पाण्याचं भांडं ठेवलं की पडतात त्यात, झालं काम.

मुळात त्याला तुमच्या घरात राहायचंच नसतं हो, तो चाललाय डोंगरावर! नेब्रास्का, कॅन्सस, पूर्व कोलोरॅडो इकडच्या सपाट मुलखात याच्या अळ्या गहू आणि अल्फाल्फावर (म्हणजे लसूणघासावर) वाढतात. उन्हाळा तापला की सपाटीवरची फुलं कमी होतात, मग हे पतंग पश्चिमेला रॉकी पर्वतात चढतात, पार तीन हजार मीटरच्या वर. रात्रभर तिथल्या रानफुलांचा मध प्यायचा, आणि दिवसा उतारावरच्या दगडांच्या खचात थंडाव्याला दाटीवाटीनं पडून राहायचं. असं करत करत ऑगस्टपर्यंत नुसती चरबी साठते अंगात.

आणि मग येतं ग्रिझली अस्वल. यलोस्टोन नॅशनल पार्कच्या पूर्वेला अ‍ॅब्सरोका डोंगररांग आहे, वर मोंटानात ग्लेशियर नॅशनल पार्क आहे, तिथे ही अस्वलं उन्हाळाभर दगड उलथत बसतात आणि खालचे पतंग चाटून खातात. एवढं मोठं धूड आणि खातंय काय तर पतंग, मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थापच वाटली होती. पण हिशोब बघा, एका पतंगात साधारण अर्धी किलोकॅलरी, आणि ग्लेशियरमधल्या संशोधकांचा अंदाज असा की एक अस्वल दिवसाला चाळीस हजारांपर्यंत पतंग खाऊ शकतं, म्हणजे वीसेक हजार किलोकॅलरी झाल्या की! हिवाळाभर गुहेत उपाशी झोपायचं तर ही चरबी लागतेच, त्यात व्हाइटबार्क पाइनच्या बिया हे त्यांचं दुसरं मोठं खाणं, ती झाडं रोगानं आणि भुंगेऱ्यांनी भराभर मरतायत.

अजून एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. अस्वल वर पतंग खात असलं की तेवढे दिवस खाली वस्तीकडे, कचऱ्याच्या डब्यांकडे फिरकत नाही. पण गिर्यारोहक त्याच उतारांवर जातात, अस्वल बिचकतं, खाणं सोडून लांब पळतं, आणि खाण्यासाठीचा वेळ असतो जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, कारण सप्टेंबरमध्ये उरलेले पतंग परत सपाटीवर, शेतातल्या भुसभुशीत मातीत अंडी घालायला.