फिलिप्पैकरांना आलेले उत्तर

श्रोतेहो, नमस्कार.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात स्मुर्णा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर, येथील बिशप पॉलिकार्प यांनी मॅसिडोनियातील फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. ते वाचताना एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे हे पत्र उत्तरादाखल लिहिलेले आहे. नीतिमत्त्वाविषयी आपण लिहितो आहोत ते आपणहून नव्हे, तर तुम्ही गळ घातलीत म्हणून, असे पॉलिकार्प स्वतःच सांगतात. फिलिप्पैकरांचे मूळ पत्र हरवले असल्यामुळे त्यांनी काय विचारले होते, हे उत्तरावरूनच ताडावे लागते.

त्यांची एक मागणी स्पष्ट आहे. अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना रोमला मृत्युदंडासाठी नेले जात असताना ते फिलिप्पैकरांना भेटले होते. त्यांची पत्रे आम्हांलाही पाठवा, असे तिथल्या लोकांनी कळवले होते. पॉलिकार्पनी जवळ होती तेवढी पत्रे सोबत जोडली. नवव्या प्रकरणात इग्नेशियस प्रभूजवळ पोहोचल्याचे म्हटले आहे, आणि तेराव्यात मात्र त्यांची बातमी विचारली आहे. या विसंगतीवरून अभ्यासक पी. एन. हॅरिसन यांनी 1936 साली दोन पत्रे एकत्र झाल्याचे मत मांडले. मला तेवढी गरज वाटत नाही. बातमी विचारणारे वाक्य फक्त लॅटिन भाषांतरात उरले आहे, आणि त्यातही ‘अधिक खात्रीने कळले असेल ते कळवा’ असेच म्हटले आहे. इग्नेशियस यांचा मृत्यू झाला असे गृहीत धरणारा माणूसही असे विचारू शकतो.

खरा पेच अकराव्या प्रकरणात आहे. वॅलेन्स नावाचे, तिथे पूर्वी ‘वडील’, म्हणजे मंडळीचे पुढारी, म्हणून नेमलेले गृहस्थ आणि त्यांची पत्नी यांच्याविषयी पॉलिकार्प दुःख व्यक्त करतात. त्यांनी नेमके काय केले ते लिहिलेले नाही. पण चौथ्या प्रकरणात द्रव्यलोभाला सर्व संकटांचे मूळ म्हटले आहे आणि सहाव्यात वडिलांना त्यापासून दूर राहायला सांगितले आहे, म्हणजे नाव येण्याच्या कितीतरी आधीपासून लेखणी त्याच विषयाभोवती फिरते आहे. पुढे, अशांना शत्रू मानू नका, आपल्याच शरीराचे दुखावलेले आणि भरकटलेले अवयव समजून परत बोलवा, असे ते सुचवतात. स्मुर्णाच्या या बिशपांनी वॅलेन्स यांना पुन्हा नेमण्याचा अथवा कायमचे दूर ठेवण्याचा हुकूम मात्र दिलेला नाही. तो निर्णय त्यांनी फिलिप्पैच्या मंडळीवरच सोपवला आहे.