सुटलेलं चाक बघा

मंडळी, माइक मागंपर्यंत पोचतोय ना? बरं. बोर्डावर विषय लिहिलाय, कंपनीतून निघालेली ऑफ-रोड गाडी खरंच किती चालते ते कसं ओळखायचं. लिफ्ट किट टाकलेल्या, मोठे टायर आणि विंच बसवलेल्या गाड्यांवर मी आज बोलणार नाही, त्यावर बोलणारी पोरं भरपूर आहेत आणि चांगलं बोलतात. माझा विषय साधा. शोरूममधून आली तशी गाडी, तेच टायर, टाकी फुल, आत चार माणसं आणि मागं तांदळाचं पोतं. अशी गाडी चिखलात घातली तर काय होईल, हे घ्यायच्या आधी कसं कळणार?

हात वर करा बघू, फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ताकद जाणारी गाडी, किती जणांकडं आहे? वा, निम्मा हॉल. आता ज्यांनी गेल्या सहा महिन्यांत एकदा तरी लो चा, म्हणजे हळू वेग आणि जास्त ओढीचा, दांडा ओढलाय त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती हात खाली आले. हे बरोबर नाही हां, मनापासून सांगतोय, महिन्यातून एकदा मोकळ्या मातीत फोर व्हील आणि लो टाकून शंभर मीटर गाडी चालवा, नाहीतर ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी दांडा जाम झालेला असतो, नाहीतर दिवा लुकलुकत बसतो. पण हा आजचा विषय नाही, पुढं जाऊ.

मला हे वेड कुठून लागलं ते आधी सांगितलं पाहिजे. सात वर्षं झाली. मी एक मोठी एसयूव्ही घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायचं कारण नाही. मागं फोर व्हील ड्राइव्हचा बिल्ला, आत डोंगर, बर्फ, वाळू अशी चित्रं असलेली गोल नॉब, आणि शोरूममधला पोरगा म्हणाला, सर, ही कुठंही जाते. मी विश्वास ठेवला. जुलैमध्ये गगनबावड्याकडं मावशीच्या गावी चाललो होतो, रोप लावणीचे दिवस, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, छत्री उघडून उपयोग नसतो. डांबरी सोडून घराकडं जायला उसाच्या दोन फडांमधून वाट आहे, ट्रॉल्या जाऊन जाऊन दोन्ही बाजूला चाकोऱ्या पडलेल्या, आणि त्या सरळ नाहीत, डावीकडं पुढं एक खोल खड्डा आणि उजवीकडं मागं दुसरा. पुढचं डावं चाक खड्ड्यात उतरलं आणि त्याच क्षणी मागचं उजवंही उतरलं. गाडी उरलेल्या दोन चाकांवर तिरकी बसली, मोडक्या पायाच्या बाजल्यासारखी.

आता बघा काय झालं. ॲक्सिलरेटर दिला, तर जी दोन चाकं लोंबत होती तीच गरगर फिरायला लागली. तांबडा चिखल आरशापर्यंत उडाला. जी दोन चाकं घट्ट जमिनीवर होती ती ढिम्म. इंजिनला ताकद कमी होती का? अजिबात नाही, दोन हजार सीसीच्या वर इंजिन होतं. पाच-सात मिनिटं असं केल्यावर जळका वास आला, आणि समोर अक्षरं उमटली की फोर व्हील ड्राइव्ह तापलंय, तात्पुरतं बंद. मागच्या चाकांकडं ताकद नेणारा क्लच तापला की ती सिस्टीम स्वतःला वाचवायला मागचा ड्राइव्ह सोडून देते. म्हणजे बिल्ला होता तो तेवढ्यापुरता गेला, आणि मावशी तिकडं चुलीवर पाणी ठेवून वाट बघतेय.

तेवढ्यात एक मामा ट्रॅक्टर घेऊन आले, साठीचे असतील, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. त्यांनी ट्रॅक्टर त्याच चिखलात माझ्या पुढं घातला. आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो, त्यांचंही मागचं एक चाक फिरायला लागलं, अगदी माझ्यासारखं. मामांनी घाई केली नाही. ॲक्सिलरेटर कमी केला, चाक थांबू दिलं, टाच बाजूच्या एका छोट्या पेडलवर दाबून धरली, हळू क्लच सोडला, आणि ट्रॅक्टर बैल चालावा तसा चालत बाहेर आला. एक थेंब चिखल उडाला नाही.

मग साखळी लावायला हुक शोधला. माझ्या गाडीला बंपरच्या मागं हुकच नाही. डिकीतलं सगळं सामान पावसात बाहेर काढून, स्टेपनीजवळच्या थर्माकोलच्या खणातून एक आटे असलेली कडी निघाली, ती बंपरचं झाकण उचकटून आत फिरवायची. ती कडी असते बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून ओढायला, रुतलेली गाडी उपसायला नाही. मामांनी ती हातात घेऊन बघितली, मान हलवली, आणि साखळी खाली वाकून चेसिसच्या आडव्या दांड्याला लावली, चिखलात कोपरापर्यंत हात घालून. गाडी निघाल्यावर मला म्हणाले, "पावणं, तुमच्या गाडीत जोर न्हाई असं न्हाई. जोर सगळा मोकळ्या चाकाकडं पळतूय. सुटलेलं चाक बघा, बाकीचं बघू नगा."

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप चालवतो. आपल्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून डिफरन्शिअलची, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याची, हाउसिंग माझ्याकडं बोअरिंगला येतात, शेकड्यांनी. त्या रात्री मी शॉप उघडून एक जुना डिफरन्शिअल बाकावर ठेवला, एका बाजूची फ्लॅंज व्हाइसमध्ये पकडली आणि मधला क्राउन हातानं फिरवला. दुसरी बाजू दुप्पट वेगानं फिरते. पकडलेली बाजू जागची हलत नाही. तेव्हा मामांचं वाक्य मला पुरतं कळलं.

तर हे नीट समजून घ्या, सगळं इथंच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं म्हणून डिफरन्शिअल लागतो, त्याशिवाय रस्त्यावर गाडी चालणार नाही. पण साधा, उघडा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सारखाच देतो. चिखलातलं चाक फिरायला समजा शंभर न्यूटन-मीटर पुरत असतील, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढेच शंभर मिळणार, मग तुमचं इंजिन तीनशेचं असो की चारशेचं. ब्रोशरमधला आकडा तिथं संपला. सगळ्यात कमजोर चाक जेवढं मागेल तेवढंच बाकीच्यांना मिळतं, आणि फोर व्हील ड्राइव्ह असली तरी पुढं एक, मागं एक अशी तिरकी दोन चाकं सुटली की तीच गत.

यावर कंपन्यांकडं उपाय आहेत, सगळे एका मापाचे नाहीत. एक म्हणजे पक्का लॉक, ड्रायव्हरनं लावला की दोन्ही चाकं एका दांड्यावर असल्यासारखी फिरतात, मामांच्या पेडलसारखा. फोर्सच्या गुरखामध्ये तो पुढं आणि मागं दोन्हीकडं कंपनीतूनच येतो, हे आपल्या देशात दुर्मिळ आहे. दुसरा, महिंद्राच्या थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल आहे, चाकांच्या फिरण्यात फरक पडला की तो आपोआप लॉक होतो, म्हणजे आधी चाक थोडं फिरू द्यावं लागतं. तिसरा, ब्रेकवाला, मारुतीच्या जिम्नीत आहे, थारमध्येही आहे. मोकळ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक दाबतो, डिफरन्शिअलला वाटतं चाकाला पकड मिळाली, आणि दुसऱ्या बाजूला टॉर्क जातो. चांगली युक्ती आहे, मी नावं ठेवत नाही, पण अर्धी ताकद ब्रेक खातो, लांबलचक चिखलात तो तापतो, आणि ड्रायव्हरनं घाबरून पाय उचलला की सगळं सुटतं. पाय एकसारखा ठेवून दोन सेकंद वाट बघायची सवय लागते.

म्हणून म्हणतो, गाडी विचारताना मॉडेलचं नाव विचारू नका, व्हेरियंट विचारा. थार २०२० ला नवी आली तेव्हा सगळ्या फोर बाय फोर होत्या, जानेवारी २०२३ पासून तोच चेहरा मागच्या दोन चाकांच्या ड्राइव्हमध्येही मिळतो. शेजारच्याची थार बघून तुमचीही तशीच चालेल असं धरून चालू नका.

आपल्या जिल्ह्यातली माती पण लक्षात घ्या. पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा, निसरडं असतं पण खाली कठीण लागतं. शिरोळ-हातकणंगल्याकडं काळी, ती टायरच्या खाचांत एका फेऱ्यात भरते आणि कंपनीचा हायवे टायर टकल्या टायरसारखा होतो. तिथं लॉक असून पण चारी चाकं एकत्र घसरतात. त्यामुळं गगनबावड्यात पास झालेली गाडी नृसिंहवाडीच्या मळ्यात...

चिठ्ठी आली. बारा मिनिटं राहिलीत म्हणतात. अरे बापरे, मुख्य भाग अजून राहिलाय, आता भरभर सांगतो.

कोन. पुढचा, मागचा आणि पोटाचा, म्हणजे गाडी न टेकता किती उभा चढ, उतार किंवा उंचवटा पार करेल ते. पुढचा-मागचा सगळे विचारतात, पोटाचा विसरतात, आणि बांधावर गाडी अडकते ती पोटावर. तो मुख्यतः व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर ठरतो. जिम्नी बाहेरच्या देशात तीन दारांची, व्हीलबेस २२५० मिमी, पोटाचा कोन २८ अंश. आपल्याकडची पाच दारांची २५९० मिमी, कोन २४ वर आला. थारचंही तेच, तीन दारांची २४५० मिमी आणि २७ अंश, पाच दारांची थार रॉक्स २८५० मिमी, म्हणून साधारण २४. घरात मागची सीट पाहिजे असेल तर हे तीन-चार अंश द्यायची तयारी ठेवा, त्यात चूक काही नाही.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतची उंची. थारचा २२६, जिम्नीचा २१० मिमी. बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा आकडा असतो, माणसं आणि पोतं भरून टेप घेऊन स्वतः मोजा. आणि खाली वाका, सगळ्यात खाली काय आहे ते बघा. अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर, असेल तर डिफरन्शिअलचा गोळा, तो टायर बदलल्याशिवाय वर जात नाही, पण गाडी दबली म्हणून खालीही येत नाही. सुटं सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं, असेल तर भरल्यावर, आपटल्यावर पोट खाली येतं. अखंड ॲक्सलचा अजून एक गुण, बैलगाडीच्या जुवासारखं काम, एक बैल चढावर गेला की दुसऱ्याची मान खाली, तसं एक चाक वर गेलं की दुसरं जमिनीवर दाबलं जातं. जिम्नीला पुढं-मागं दोन्हीकडं आहे. थार, गुरखाला फक्त मागं.

लो रेंज. ट्रॅक्टरच्या हाय-लो दांड्यासारखंच. थारचं गुणोत्तर २.४८ ला १, जिम्नीचं साधारण २ ला १. इंजिनचा वेग तोच, चाकाचा वेग अडीच पटीनं कमी आणि ओढ तेवढी जास्त. लो रेंज नसेल तर चढाला क्लच जळणार आणि उताराला ब्रेक. माझ्या त्या गाडीला ती नव्हती, मी विचारलंच नव्हतं.

वजन. जिम्नी १२०० किलोच्या आसपास, थार त्याहून पाचेकशे किलो जड. मऊ मातीत हलकी गाडी वरून निघून जाते, तिथं ताकद नंतर. आणि चिखलात शिरायच्या आधी टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा, डांबरीवर येण्याआधी परत भरा, पंप गाडीत ठेवा. फुकटात मिळणारी सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

पाणी. हे मला नीट बोलू द्या, मिनिटभर जास्त लागलं तरी. किती खोल पाण्यातून गाडी जाईल त्याला थारला ६५० मिमी लिहिलंय, म्हणजे दोन फूट दीड इंच, गुरखाला ७००. हे आकडे थांबलेल्या पाण्याचे आहेत, तळ माहीत असताना, सावकाश चालवताना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ आहे, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. तेव्हा काही पोरं गाडीला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारी नळी, आहे म्हणून पाण्यात निघाली होती, आम्ही हात जोडून परत फिरवली. स्नॉर्कल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, गाडीला वाहून जाण्यापासून थांबवत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट होतो, आणि पुराखाली रस्ता आहे की खचलाय हे वरून दिसत नाही. वाहत्या पाण्यात कुठल्याही गाडीची परीक्षा घ्यायची नाही. तसंच मसाई पठारावर नाही आणि दाजीपूरच्या जंगलातही नाही. पठारावर मातीचा थर वीतभर पण नाही, चाकाची एक चाकोरी पडली की तिथलं गवतफूल कित्येक वर्षं परत येत नाही. परीक्षा घ्यायची तर मालकाला विचारून शेतात.

ती कशी, तेवढं सांगून थांबतो. मी माझ्या रानात दोन खड्डे काढलेत, दीड वीत खोल, एक डाव्या चाकाच्या रेषेत, एक उजव्या, मधलं अंतर तुमच्या गाडीच्या व्हीलबेसएवढं करून घेतो, फावडं तयार असतं. गाडी हळू आणून दोन तिरकी चाकं खड्ड्यात उतरवायची आणि पूर्ण थांबायचं. जोरात येऊन उडी मारून पार केलं ते धरायचं नाही. मग आधी टू व्हीलमध्ये, मग फोर हाय, मग लो, मग लॉक असेल तर लॉक लावून निघायचा प्रयत्न करायचा, आणि एका माणसानं बाजूला उभं राहून फक्त सुटलेल्या चाकाकडं बघायचं. किती वेळ फुकट फिरलं, मग थांबलं का, गाडी सरकली का. वहीत लिहून ठेवायचं. मी आतापर्यंत अकरा गाड्यांचं लिहिलंय, वही इथं टेबलावर आहे, जाताना चाळा.

रविवारी सकाळी साडेसहाला या, ऊन व्हायच्या आत. टाकी भरून आणा, घरच्या माणसांना घेऊन या, कारण वजन खरं पाहिजे, आणि आधी वाकून हुक कुठं आहे तेवढं घरीच बघून ठेवा. ट्रॅक्टर उभा असेल, मामा पण येतो म्हणालेत.