पूर आणि विकास आराखडा

श्रोतेहो, नमस्कार.

पुराची तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर होड्या, दोरखंड, जीवरक्षक जॅकेटे आणि मदत छावण्या येतात. ही सामग्री हवीच, परंतु पुरात नेमके किती नुकसान होणार हे बऱ्याच अंशी आधीच्या पंधरा-वीस वर्षांत ठरून गेलेले असते. ते ठरते रस्ता, शाळा, बाजार आणि वसाहती मंजूर करणाऱ्या बैठकांमध्ये, जिथे अनेकदा पुराचा उल्लेखही झालेला नसतो. म्हणून पुराच्या पूर्वतयारीचा स्वतंत्र आराखडा करून तो कपाटात ठेवण्यापेक्षा स्थानिक विकासाच्या प्रत्येक कामाला पुराच्या कसोटीवर तपासणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे.

साध्या रस्त्याचेच उदाहरण घेऊ. सखल भागातून भराव टाकून रस्ता नेला की तो पाण्याच्या दृष्टीने एक बांध होतो. पाणी पलीकडे जायचे ते केवळ मोऱ्यांतून, म्हणजे रस्त्याखालून काढलेल्या पाणवाटांतून. खर्च वाचवण्यासाठी मोरीच्या नळाचा व्यास निम्मा केला, तर त्याच्या मुखाचे क्षेत्रफळ निम्मे नव्हे, पाव होते, आणि वाहून आलेल्या फांद्या व कचरा त्यात अडकला की उरलेली वाटही बंद होते. मग वरच्या बाजूची वस्ती, जी पूर्वी कधी बुडाली नव्हती, ती बुडते. आणि पाणी रस्त्यावरून वाहू लागल्यावर भराव खचला, तर खालच्या बाजूला पाण्याचा लोंढा अचानक कोसळतो. गैरसोय अशी की उद्घाटन रस्त्याचे होते, मोरीचे कधी होत नाही. त्यामुळे तिच्या आकाराविषयी बैठकीत कुणी फारसे विचारत नाही.

जमिनीच्या वापराचेही तसेच आहे. एक हेक्टर क्षेत्रावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी जमा होते. माती, गवत आणि झाडी यांपैकी काही पाणी मुरवतात, काही थोपवून धरतात. तेच क्षेत्र काँक्रीटखाली गेले की जवळजवळ सगळे पाणी थोड्या वेळात नाल्याकडे धावते. वरच्या अंगाला दिलेल्या बांधकाम परवानगीची किंमत अशा रीतीने खालच्या अंगाचे लोक मोजतात. म्हणूनच आराखडा एका वस्तीपुरता न आखता पाणलोट क्षेत्राचा विचार करून, शेजारच्या स्थानिक संस्थांना सोबत घेऊन आखावा लागतो.

आता 'शंभर वर्षांत एकदा येणारा पूर' या शब्दप्रयोगाकडे वळू, कारण त्याने बराच गैरसमज निर्माण केला आहे. त्याचा अर्थ एकदा असा पूर आला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त राहावे, असा नाही. त्या पातळीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के भरते. शाळेची इमारत तीस वर्षांहून जास्त टिकावी अशी आपली अपेक्षा असते. मग तिचे जोते किती उंच असावे, हे ठरवताना हा आकडा समोर असायला हवा.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतो. संकटकाळात लोकांना ज्या इमारतीत हलवायचे, ती इमारत बांधतानाच निवाऱ्याच्या हिशेबाने बांधली तर वाढीव खर्च मर्यादित राहतो. जिना रुंद ठेवणे, चाकाच्या खुर्चीसाठी उतार करणे, वरच्या मजल्यावर स्वच्छतागृहे बांधणे, विजेचा मुख्य फलक आणि पाण्याचा पंप पुराच्या पातळीच्या वर बसवणे, ही कामे नकाशावर सोपी असतात. इमारत पूर्ण झाल्यावर तीच कामे अवघड आणि महाग होतात.

अनेकांना वाटते की नदीकाठी तटबंध बांधला की प्रश्न सुटला. तटबंधाने लहान पूर अडतात हे खरे. परंतु त्याच्या आडोशाने घरे वाढतात आणि एखाद्या मोठ्या पुरात तो फुटला, तर हानी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त होते. नेदरलँड्समध्ये 1995 साली नद्यांना पूर आल्यावर सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. त्यानंतर त्या देशाने तटबंध उंच करण्यावरच भिस्त न ठेवता नद्यांना अधिक जागा देण्याचे धोरण स्वीकारले. नायमेखन शहराजवळ वाल नदीचा तटबंध 350 मीटर मागे सरकवून पुराच्या पाण्यासाठी नवा प्रवाह खोदला गेला. त्यासाठी सुमारे 50 घरे पाडावी लागली, हे विसरता कामा नये; मात्र त्याच कामातून शहराला नदीकाठचे उद्यानही मिळाले. पूरनियंत्रण आणि नगरविकास ही दोन कामे तिथे एकाच नकाशावर आखली गेली.

आपत्तींचा धोका कमी करण्यासाठी 2015 साली जपानमधील सेंदाई येथे जो जागतिक आराखडा स्वीकारला गेला, त्यातही राष्ट्रीय धोरणांबरोबर स्थानिक पातळीवरील धोरणांचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर धोरण असणे आणि अंदाजपत्रकात मोऱ्या साफ करण्यासाठी दरवर्षी तरतूद असणे, यांत मात्र अंतर आहे. नवे बांधकाम सर्वांना दिसते, देखभाल कुणाला दिसत नाही. म्हणून पहिली कात्री तिच्यावरच चालते.

शेवटी आराखडा करणाऱ्यांच्या बैठकीविषयी. पाणी आधी कोणत्या गल्लीत शिरते, रात्री कोणता रस्ता बंद होतो, अंथरुणाला खिळलेली माणसे कोणत्या घरांत आहेत, हे तिथल्या रहिवाशांना, विशेषतः भाडेकरूंना आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना, अधिकाऱ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते. त्यांना आराखड्याचा मसुदा होण्यापूर्वी बोलवावे, मंजुरीनंतर नव्हे. आणि दरवर्षीच्या आढाव्याची बैठक पुराचा हंगाम संपल्याबरोबर घ्यावी, कारण भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा तोवर रंगाखाली झाकल्या गेलेल्या नसतात आणि त्यांची उंची टेपने मोजून आराखड्यात नोंदवता येते.

नमस्कार.