साडेचार मिलीला मोडणारी रेघ

(दृश्य : कोल्हापुरातल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. बीकर, ब्युरेट, कंडक्टिव्हिटी (वीज-वाहकता) मीटर.)

बीकरमध्ये 50 मिली डिस्टिल्ड वॉटर. ब्युरेटमध्ये सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या डिटर्जंटचं 0.1 मोलर द्रावण : 2.88 ग्रॅम पावडर विरघळवून 100 मिली केलेलं. पावडर फार हलकी असते, नाकात गेली की झोंबते. वजन करताना मास्क हवाच.

या रेणूला 12 कार्बनची शेपटी आणि टोकाला ऋणभारित सल्फेटचं डोकं. डोकं पाण्यात रमतं, शेपटीचं पाण्याशी जमत नाही. म्हणून काही रेणू पृष्ठभाग गाठतात आणि शेपट्या हवेत काढतात. बाकीचे पाण्यात सुटे फिरतात.

(दृश्य : ब्युरेटची तोटी जवळून. मीटरवरचा आकडा.)

अर्धा मिली सोडायचं, स्टरर सावकाश फिरवायचा, आकडा थांबला की टिपायचा. घाई केली तर फेस होतो आणि बुडबुडा इलेक्ट्रोडला चिकटून रीडिंग घसरतं. वाहकता सरळ रेषेत चढत जाते. साडेचार मिलीच्या सुमारास रेघ मोडते. पुढेही ती चढते, पण चढ मंदावतो.

मायसेल, म्हणजे या रेणूंचे सूक्ष्म गोळे, तयार व्हायला लागले.

हे गोळे का बनतात, असं विचारलं की शेपट्या एकमेकींना ओढतात, असं उत्तर नेहमी मिळतं. ते अपुरं आहे. मुख्य जोर पाण्याचाच. प्रत्येक शेपटीभोवती पाण्याच्या रेणूंना आपले हायड्रोजन बंध सांभाळत अवघडून राहावं लागतं. शेपट्या एकत्र आल्या की हे पाणी मोकळं होतं, एंट्रॉपी (विस्कळीतपणा) वाढते. उलट बाजूने, सारख्याच भाराची डोकी एकमेकांना दूर लोटतात. या ओढाताणीत 25 अंशांना साधारण 60 रेणूंचा, जेमतेम 4 नॅनोमीटर व्यासाचा गोळा बनतो. बरेच सोडियम आयन त्याच्या डोक्यांपाशी अडकतात, वीज वाहायला मोकळे राहत नाहीत. चढ मंदावतो तो त्यामुळे. जेम्स मॅकबेन यांनी 1913 साली अशा गोळ्यांची कल्पना मांडली, तीही साबणाच्या द्रावणाची वाहकता उलगडतानाच.

आणि हा गोळा कायमचा नव्हे. त्यातला एकेक रेणू मायक्रोसेकंदांत आत-बाहेर करत असतो.

आता हिशेब. 4.45 मिलीला रेघ मोडली, तर एकूण आकारमान 54.45 मिली, संहती 8.2 मिलीमोलर. मायसेल बनू लागण्याची मर्यादा ती हीच. भागाकार 50 ने केला की उत्तर 8.9 येतं. विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, हीच चूक सर्वांत जास्त दिसते. तापमान एका अंशाने हललं तरी वाहकता सुमारे 2 टक्के बदलते, म्हणून वॉटर बाथ लागतो. बोअरचं पाणी तर चालतच नाही. त्यातले क्षार आधीच वाहकता वाढवून बसलेले असतात, आणि क्षारांमुळे मायसेल लवकर बनतात : 0.1 मोलर मीठ असेल तर दीड मिलीमोलरच्या आसपासच.

(दृश्य : मटणाच्या तांबड्या रश्श्याचं रिकामं पातेलं. कडेला थिजलेला कट.)

तेल मायसेलच्या पोटात, शेपट्यांमध्ये शिरतं. त्यासाठी आधी मायसेल हवेत. पातेलं पाण्याने काठोकाठ भरून त्यात लिक्विडचे दोन थेंब टाकले, तर संहती मायसेल बनण्याच्या मर्यादेच्या खालीच राहते. थेंब ओल्या घासणीवर घ्या. मटणाची चरबी गार पाण्यात घट्टच राहते, म्हणून पाणी हाताला सोसेल इतकं कढत घ्या.