शोधनिबंधाचा पत्ता

पेपर कुठं पाठवायचा यावर आज बोलायचं आहे, आणि चहाच्या वेळी तुमच्यातल्या तिघांनी मला एकच विचारलं, ‘सर, अमुक जर्नल केअरमध्ये आहे का?’ पेपर कशावर आहे, ते नंतर. गंमत अशी, की केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, मान्य जर्नलांची यादी, आणि ती यूजीसीनंच २०२५ च्या सुरुवातीला बंद केली. यादी गेली, धाक राहिला.

तुम्हाला मी बोल लावत नाही. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाचा गुणांक, आणला, पेपरला गुण लागले, गुणांवर बढती टांगली गेली आणि गल्लोगल्ली जर्नलं निघाली. २०१७ ची मान्यताप्राप्त यादी हा त्यावरचा उतारा होता म्हणे. त्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेल्यांपैकी १००९ जर्नलं पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या मंडळींनी तपासली, तर निकषांना उतरली ११२. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीनं ४३०५ नावं एका झटक्यात कापली, आणि पुढं त्या यादीच्या जागी केअर आली.

त्या बाजारात मीही एकदा पैसे मोजलेत. पेपर पाठवला मंगळवारी, शुक्रवारी स्वीकारल्याचं पत्र हजर. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा शेरा दोन शब्दांचा: ‘गुड पेपर’. पैसे भरले, सर्टिफिकेट आलं, फाइलला लावलं. त्या पेपरबद्दल आजवर कुणी मला एक प्रश्नही विचारलेला नाही.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे इन्फर्मेशन सिस्टिम्सकडे, माणसं आणि संस्था माहिती-तंत्रज्ञान कसं वापरतात त्याच्या अभ्यासाकडे. इथं दुसऱ्या टोकालाही एक यादी आहे. जगातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी निवडलेली जर्नलं, ज्याला सगळे ‘बास्केट’ म्हणतात. आधी सहा होती, मग आठ, २०२३ मध्ये अकरा झाली. एमआयएस क्वार्टर्ली हे त्यातलं सगळ्यात दबदब्याचं, १९७७ पासूनचं. आपल्याकडचे काही विद्यार्थी तिथं ‘लागला तर लागला’ म्हणून पेपर टाकतात. लॉटरीचं तिकीट काढावं तसं. मग संपादक रिव्ह्यूअरकडे न पाठवताच तो परत करतात, आणि आपण म्हणतो, भारतातलं काम त्यांना नको असतं.

हे खरं नाही. १९९९ साली जेफ वॉल्शम आणि संदीप सहाय यांचा एक पेपर याच एमआयएस क्वार्टर्लीत आला. विषय काय, तर भारतातल्या जिल्हा प्रशासनात जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडणारं संगणक-तंत्र, कसं रुजलं आणि कुठं अडलं. म्हणजे आपलं कलेक्टर ऑफिस! पण अमेरिकेतल्या वाचकाला आपल्या जिल्ह्याशी काय देणंघेणं? त्यांनी मांडणी अशी केली, की जिथं रोजच्या कारभारात नकाशा वापरायची सवयच नाही, तिथं नकाशावर उभं असलेलं तंत्रज्ञान आणलं तर माणसं, खाती आणि यंत्रं यांची मोट कशी बांधली जाते, कशी सुटते. जिल्हा भारतातला होता, वाद मात्र त्या जर्नलच्या वाचकांच्या घरातला होता.

आता दुसरं उदाहरण, आपल्या वारणेचं. कोल्हापूरकडच्या मंडळींना ठाऊक असेल, तिथं १९९८ पासून सहकारी साखर कारखान्याच्या गावांत संगणक केंद्रं होती. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या केंटारो टोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात गावांत, आठ महिने, त्या संगणकाच्या जागी मोबाइलचा एसएमएस वापरून पाहिला. जे संगणकावर होत होतं ते सगळं एसएमएसवर झालं, खर्च कमी आला, शेतकऱ्यांना सोयीचंही वाटलं. हे काम २००७ मध्ये बंगळुरूच्या परिषदेत मांडलं गेलं आणि २००९ मध्ये ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीज अँड इंटरनॅशनल डेव्हलपमेंट’मध्ये आलं. हे जर्नल बास्केटमध्ये नाही, पण फुकट वाचता येतं. गरीब देशांत असे प्रकल्प राबवणारे लोक तेव्हा तेच उघडायचे. संगणक काढून फोन लावा हे ज्यांना सांगायचं होतं, ते लोक तिथं बसलेले होते. हाच पेपर बास्केटमध्ये न्यायचा तर त्याला सिद्धांताची वेगळीच हाडं बसवावी लागली असती, आणि मला नाही वाटत त्यानं तो सुधारला असता.

म्हणून जर्नल शेवटी शोधायचं नसतं. पहिल्या मसुद्याच्या वेळीच आपली संदर्भसूची उघडायची आणि बघायचं, आपण कुणाशी बोलतोय. चाळीस संदर्भांतले बारा एकाच जर्नलमधले असतील, तर तुमचा पत्ता बहुतेक तोच. आणि जिथं पाठवायचं म्हणता तिथला एकही नसेल, तर तुम्ही अनोळखी घरात शिरून मध्येच बोलू लागलात.

बाकी व्यवहाराचं चटकन सांगतो. चांगल्या ठिकाणी पेपर छापून यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, ती धरून चाला. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी पेपरची सक्ती काढली आहे, पण आपल्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, तो वाचा. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या सामाईक वर्गणीमुळे आता सरकारी कॉलेजांतूनही हजारो जर्नलं वाचता येतात, तेव्हा ‘मिळत नाही’ ही सबब तिथं तरी संपली. मात्र छापण्याची फी हा वेगळा मामला. वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक जर्नलमध्ये लेखकाला काही द्यावं लागत नाही. कुणी मागितले, तर कशाचे ते आधी विचारा.

कालच्या निरोपात संदर्भसूची छापून आणायला सांगितलं होतं. आणलीय ना? काढा बाहेर, आणि लाल पेनानं प्रत्येक जर्नलपुढं, त्यातले किती संदर्भ आहेत, तो आकडा टाका. पहिल्या रांगेपासून बघत येतो.