‘तोंड आलंय’ म्हणून सोडून देऊ नका

आशाताईंनो, अंगणवाडीच्या ताईंनो, आपल्या सांगलीत एखादं पोर भडंगाला नको म्हणालं, तर त्याचं तोंड उघडून बघा. मी दातांची डॉक्टर. माझ्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर आला होता. आजी म्हणाल्या, “उष्णता झालीया, तोंड आलंय. तूप लावलं, पण उतरंना.” बॅटरी मारून पाहिलं, तर टाळूवर दह्याच्या सायीसारखे पांढरे चट्टे. गॉजने हलकेच पुसले, तर खाली सगळं लालबुंद. ही उष्णता नव्हे, कॅन्डिडा नावाची बुरशी. मुलाला एचआयव्ही आहे, हे आजींनी दार लोटून घेतल्यावर सांगितलं. गिळताना दुखतं म्हणून तो एचआयव्हीवरच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, गालात धरून बाहेर थुंकत होता.

गोळी चुकली की विषाणू वाढतो, प्रतिकारशक्ती घटते, बुरशी आणखी पसरते, मग गिळणं त्याहून अवघड. म्हणून एआरटी चालू असलेल्या मुलाच्या तोंडात बुरशी दिसली, तर नुसतं औषध लावून परत पाठवू नका. डोस चुकतायत का ते विचारा, एआरटी केंद्रात कळवा.

कानाखाली दोन्ही बाजूंना सूज आली की घरचे गालगुंड समजून लेप लावतात. गालगुंड आठ-दहा दिवसांत ओसरतं. एचआयव्ही असलेल्या मुलांमधली ही लाळग्रंथींची सूज मात्र बहुतेकदा दुखत नाही आणि महिनोन्‌महिने राहते. तीही डॉक्टरांना दाखवा.

आणि कीड. लहान मुलांची बरीच पातळ औषधं साखरेच्या पाकातली असतात, बुरशीवरची काहीसुद्धा. रात्री औषध पाजून पोराला तसंच झोपवलं, की पाक दातांवर रात्रभर राहतो. त्यात लाळ कमी असली तर कीड झपाट्याने लागते. औषधानंतर पाण्याने चूळ आणि झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, तीन वर्षांखालच्याला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. आजींनी दुखऱ्या दाढेवर मिश्री दाबली होती. मिश्री म्हणजे तंबाखू, ती लेकराच्या तोंडात नको. मी त्यांना रागावले नाही. रात्री अकराला रडणाऱ्या नातवापुढे त्यांच्या हाताशी दुसरं होतं काय?

माझ्याकडे येण्याआधी एका दवाखान्याने कागद पाहून “आमच्याकडे सोय नाही” म्हणत त्यांना परत पाठवलं होतं. मला हे फार लागलं. वेगळी सोय लागतच नाही. हातमोजे, मास्क, ऑटोक्लेव्ह केलेली, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली हत्यारं प्रत्येक पेशंटला लागतात, कारण कितीतरी जणांचा आजार आपल्याला ठाऊकच नसतो. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नाकारलं तर त्या घराबरोबर तुम्ही उभ्या राहा. मात्र मुलाचं नाव आणि आजार गावात कुणाला कळू देऊ नका.

दाढ काढल्यावर आजींनी हळूच विचारलं, “याचं ताट-वाटी वेगळं ठेवू का?” मी म्हटलं, “लाळेतून हा आजार पसरत नाही, आजी. एका ताटात जेवा. आज फक्त गार आणि मऊ द्या, दहीभात चालेल.”